हेलिकॉप्टर, रोही आणि कष्टाचा हिशेब

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूरचा एक व्हिडिओ जालना जिल्ह्यातल्या आमच्या राजूरच्या मोबाइलांवर फिरत आला. सोयाबीन निघालेलं मोकळं रान, वर एक छोटं हेलिकॉप्टर, आणि त्याच्यापुढे उड्या मारत पळणारा काळविटांचा कळप. लगेच पारावर चर्चा: आपल्याकडे कधी आणायचं? राजूरला हेलिकॉप्टरचं अप्रूप नाही. निवडणूक लागली की महागणपतीपुढे नारळ फोडायला पुढारी त्यातूनच उतरतात. ‘पुढाऱ्यांसाठी येतं, तर रोह्यांसाठी का येऊ नये?’ असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. पण भोकरदन तालुक्यात कापूस, मका, तूर करणाऱ्या कुणालाही त्या हसण्यामागची चीड कळेल.

मी त्यांच्यातलीच. शेतावर आमचा आखाडा, म्हणजे वस्ती आहे, तुरीत रोही म्हणजे नीलगायी शिरतात, हरभऱ्यावर हरणं येतात, मक्यात रानडुकरं लोळतात. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहण्याचा योग आला, तेव्हा डोंगरातल्या जनावरांमागे हेलिकॉप्टर लावण्याचा तिथला प्रकार ऐकला. जावयांच्या कामावरचे एक गृहस्थ जुने शिकारी. ते घरी यायचे, मी विचारायची, जावई दोन्हीकडचं बोलणं एकमेकांना समजावून द्यायचे. तिथलं ऐकलेलं आणि इथलं भोगलेलं यांतून काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या, त्या मांडते.

१. कष्ट कोणाचे वाचणार, ते आधी विचारा

जनावरांमागे हेलिकॉप्टर तीन कारणांनी लागतं. पहिलं हौसेचं: बर्फाच्या डोंगरावरचा मोठ्या शिंगांचा नर मारायचा आणि त्याचं डोकं दिवाणखान्यात लावायचं. दुसरं संख्या कमी करण्याचं: सरकारी नेमबाज वरूनच गोळ्या घालतो. तिसरं हलवण्याचं: शाजापुरात झालं तसं. तिथे दक्षिण आफ्रिकेचे तज्ज्ञ आले होते, रॉबिन्सन-४४ जातीचं छोटं हेलिकॉप्टर होतं. रानात तोंडाशी रुंद आणि पुढे निमुळतं होत जाणारं आडोशाचं कुंपण उभारलं होतं, त्याला ‘बोमा’ म्हणतात. कळप हाकत त्यात आणायचा, मागून पडदे ओढायचे आणि निमुळत्या टोकाला लावलेल्या गाडीत चढवायचा. त्या मोहिमेत ८४६ काळविटं आणि ६७ रोही पकडून जंगलात सोडले.

यंत्र तेच, पण तिन्ही ठिकाणी वाचतात ते कष्ट वेगळ्या माणसाचे. शाजापुरात शेतकऱ्याची रात्रीची जागल वाचली. संख्या कमी करण्याच्या मोहिमेत खात्याची पायपीट वाचली. हौशी शिकाऱ्याचं मात्र असं काय वाचलं, जे वाचवायला हवं होतं? म्हणून ‘हेलिकॉप्टर चांगलं की वाईट’ हा वाद मी घालत नाही. कष्ट कोणाचे वाचले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढंच बघते.

२. ज्याचा अभिमान मिरवायचा, तेच विकत घेऊ नये

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर थार नावाचं जनावर आहे. डोंगरी बकऱ्यासारखं, मानेवर आयाळ असलेलं. ते मूळचं आपल्या हिमालयातलं. १९०४ मध्ये इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डनं आपल्या कळपातले काही थार तिकडे भेट पाठवले आणि ते माउंट कुकच्या परिसरात सोडले गेले. तिथे ना बिबट्या ना लांडगा. कळप वाढतच गेले. आता ते डोंगरमाथ्यावरचं गवत आणि जगात दुसरीकडे नसलेली झाडंझुडपं खातात, म्हणून सरकारला त्यांची संख्या आवरावी लागते. १९९३च्या आराखड्यात दहा हजारांची कमाल मर्यादा ठरली आहे.

म्हणजे थार मारण्याला तिथे कारण आहे. तरीही जावयांच्या ओळखीच्या त्या जुन्या शिकारी गृहस्थांना हेलिकॉप्टरवाल्या शिकारीचा मनापासून तिटकारा. ते स्वतः पाठीवर तंबू घेऊन नदीकाठानं वर जातात, वाऱ्याची दिशा बघत सरपटतात, आणि पुष्कळदा रिकाम्या हातानं परततात. उलट परदेशी गिऱ्हाईक येतं ते परतीचं तिकीट काढूनच. सोमवारी विमान असेल तर रविवारी शिंगं हातात पडलीच पाहिजेत. मग हेलिकॉप्टर कडेकपारी धुंडाळतं, नर हेरतं, त्याला सोयीच्या जागी वळवतं, आणि गिऱ्हाईक उतरून गोळी घालतं. तिथल्या कायद्यात यासाठी परवाने आहेत. ट्रॉफी नेणाऱ्या कंपनीनं त्याबदल्यात आणखी काही थार मारून संख्या घटवायला हातभार लावायचा, अशी अटही असते. त्यामुळे हे बेकायदा नाही, आणि निसर्गाच्या बाजूनं अगदीच निरुपयोगीही नाही.

पण भिंतीवरचं डोकं पाहुण्याला काय सांगतं? ‘मी एवढा डोंगर चढलो.’ तो डोंगर इंजिननं चढलेला असतो. दुसऱ्याकडून पेपर लिहून घ्यायचा आणि पहिला नंबर आल्याचे पेढे वाटायचे, त्यातला हा प्रकार. त्या देशातल्या हौशी शिकाऱ्यांच्या जुन्या संघटनेनंच याला विरोध केला आहे. अशा शिकारीविरुद्ध शिकारीच उभे राहतात, तेव्हा त्यांचं म्हणणं कान देऊन ऐकावं.

३. नेऊन सोडणं वेगळं, हाकणं वेगळं

मी त्या गृहस्थांना एकदा विचारलं, ‘मग तुम्ही कधीच हेलिकॉप्टरनं जात नाही का?’ ते हसले. जातात. दुर्गम खोऱ्यातल्या झोपडीपर्यंत हेलिकॉप्टर सोडतं, ठरल्या दिवशी न्यायला येतं. मधली शिकार पायी. त्यांच्या लेखी रेघ तिथेच आहे: यंत्रानं माणसाला जागेवर पोचवावं, जनावराला माणसापुढे आणून उभं करू नये.

ही रेघ कायद्यांनीही ओढली आहे. अमेरिकेत विमानातून जनावर मारायला आणि पिटाळायला बंदी घालणारा कायदा १९७१ मध्ये झाला. अलास्कात विमानातून उतरलेल्या माणसाला बहुतेक मोठ्या प्राण्यांची शिकार त्याच दिवशी करता येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पहाटे तीनपर्यंत थांबावं लागतं. वरून हेरलेला प्राणी तोवर कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि नियमाला तेच हवं आहे.

आपणही मागे नव्हतो. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. तेव्हा परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता यायची, पण मोटारीतून किंवा विमानातून शिकार करणं आणि वाहनानं जनावरं पिटाळणं याला मूळ कायद्यातच मनाई होती. १९९१च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारच संपली, म्हणून ते नियम आज कोणाला आठवत नाहीत. पिकाची नासधूस करणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी वन खात्याच्या परवानगीची वाट आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत, त्याचे नियम आणखी कडक आहेत.

४. हातानं केलेल्या कामाला डोळे असतात

आमच्या भागात पूर्वी फासेपारधी यायचे. तित्तिराला, हरणाला फास लावण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. इंग्रजांनी त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्क्याचे वळ अजून आहेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. फासेपारधी, वैदू, नंदीवाले एकाच मुलखात फिरायचे, पण प्रत्येकाचं सावज आणि साधन वेगळं. एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही. आणि फासात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर फासेपारध्यानं ते सोडून द्यायचं, अशी जुनी रीत.

ही रीत पाळता यायची, कारण सावज हाताच्या अंतरावर असे. पोट दिसे, कास दिसे. हेलिकॉप्टरमधून दिसतो तो कळप. पळत्या कळपातली कोणती मादी भरल्या पोटाची आहे, कोणाचं पाडस गवतात दडवून ठेवलेलं आहे, हे वरच्याला कसं कळणार? शाजापुरात प्राणी जिवंत पकडले, म्हणून चुकून आलेल्याला सोडायची सोय तरी होती. गोळीला ती सोय नसते. साधन जितकं दुरून चालतं, तितका नियम आधी आणि कडक लागतो, कारण ऐन वेळी डोळ्यांनी सावरता येत नाही.

५. वरून रान मोकळं दिसतं, ते मोकळं नसतं

शाजापूरची मोहीम सपाट रानात झाली आणि तीही सोयाबीन निघाल्यावर. आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पण कापूस आणि तूर उभी असते. तुरीत पुरता वाढलेला रोही उभा राहिला तरी बांधावरून दिसत नाही. पानं हलली की कळतं. तूर-कापूस निघून रान मोकळं होईतो फेब्रुवारी उजाडतो आणि लगेच ऊन तापायला लागतं. म्हणजे आमच्याकडे अशा कामाला मिळणारे दिवस थोडेच.

दुसरी गोष्ट विहिरी आणि शेततळी. आमच्याकडे कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ. जालना जिल्ह्यात शेततळ्यांनी मोसंबी आणि द्राक्षं तगवली, त्याचं कौतुक आहेच. पण त्या तळ्यांत अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद म्हणजे जनावराचा काळ. आमच्या शेजारच्या रानात हरणाची एक मादी पडलेली मी पाहिली आहे. पाणी छातीपर्यंतही नव्हतं. ती पुढचे पाय कागदावर टाकी, खुरं घसरत आणि ती परत पाण्यात. कागदावर खुरांचे पांढरे ओरखडे उठले होते, एकाखाली एक, सगळे खालच्या दिशेनं. दोर टाकून गड्यांनी तिला वर ओढली, तेव्हा तिला उभंही राहता येत नव्हतं. आता कल्पना करा, डोक्यावर घरघरणारं यंत्र आणि पुढे वाट फुटेल तिकडे पळणारा कळप. त्या वाटेत विहिरी, तळी, तारेची कुंपणं, विजेच्या तारा आणि राजूर-जालना रस्त्यावरची वाहनं. ज्याला हेलिकॉप्टर आणायचं आहे त्यानं आधी गावचा नकाशा घेऊन एकेक विहीर आणि एकेक शेततळं त्यावर मांडावं.

६. भीतीनंही जनावर मरतं

तळ्यातून काढलेल्या त्या मादीला जखम नव्हती. तरी ती वाचली नाही. त्या वेळी मला नवल वाटलं. पुढे पशुवैद्यकांकडून कारण कळलं. हरणाच्या जातीचं जनावर जिवाच्या आकांतानं धडपडलं की अंग तापतं, स्नायू आतून फाटायला लागतात, त्यातला विषारी भाग रक्तात उतरतो, मूत्रपिंडं निकामी होतात. कधी लगेच, कधी काही दिवसांनी ते मरतं. सुटून पळालेलं जनावर सगळ्यांना वाचलं असं वाटतं आणि ते चार दिवसांनी कुठल्या तरी ओढ्यात पडलेलं असतं.

म्हणून चांगल्या पथकाची पारख किती पकडले यावर करू नये. पळवलं किती वेळ, ऊन किती होतं, सोडल्यावर महिन्याभरानं जिवंत किती होते, हे विचारावं. हौशी शिकारीत जो नर गोळीआधी कड्यावरून पिटाळला गेला, त्याच्या यातनांची नोंद तर कोणत्याच वहीत होत नाही.

७. यंत्र भारी असलं म्हणून निर्णय शहाणा होत नाही

महाराष्ट्रानं हे एकदा पाहिलं आहे. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या रानात ‘अवनी’ नावाच्या वाघिणीमागे केवढा फौजफाटा लागला होता: कॅमेरे, ड्रोन, हत्ती, कुत्री, आकाशातून शोध घेण्याची तयारी. तिच्या नावावर तेरा माणसांचे बळी लागले होते. तिथल्या गावांची भीती खरी होती आणि शहरात बसून त्या भीतीला हसणाऱ्यांचा मला राग येतो. पण एवढं सगळं असून शेवट झाला तो २ नोव्हेंबरच्या रात्री, अंधारात, बंदुकीच्या गोळीनं. बेशुद्ध करायचे नियम पाळले की नाही, यावर नंतर चौकशा झाल्या. तिचे दोन बछडे मागे राहिले होते.

त्याआधी २०१६ मध्ये बिहारात मोकामाच्या शिवारात दोनशेहून जास्त रोही नेमबाजांनी टिपले. केंद्रातलेच दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, त्यावरून जाहीरपणे भांडले. एक म्हणत होते शेतकऱ्याचं बघा, दुसऱ्या म्हणत होत्या जनावराचं बघा. न्यूझीलंडमध्येही २०२० साली सरकारनं हेलिकॉप्टरमधून थार मारायचा मोठा कार्यक्रम आखला, तेव्हा शिकारी रस्त्यावर आले आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. खात्याला संबंधितांशी नीट सल्लामसलत करायला सांगण्यात आलं. या तिन्ही ठिकाणी साधनांची कमतरता नव्हती. ज्यांचं नुकसान होतं, ज्यांना जनावर हवं आहे आणि ज्यांना निर्णय घ्यायचा आहे, ते सगळे आधी एका सतरंजीवर बसले नव्हते.

८. आपला त्रास उचलून दुसऱ्याच्या बांधावर ठेवू नये

‘पकडून गौताळ्यात सोडा’ असं आमच्याकडे सहज म्हणतात. गौताळा औट्रमघाट अभयारण्य अजिंठ्याच्या रांगेत आहे. त्याच्या कडेनं कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांतली गावं आहेत, त्यांचीही मक्याची नि कापसाची शेतं आहेत. तुरीची चव लागलेला रोही अभयारण्याची हद्द वाचून थांबणार नाही. कुठे सोडायचं, तिथे पाणी आणि गवत पुरेसं आहे का, शिकार करणारा प्राणी आहे का, आणि तिथल्या गावांना विचारलं का, याची उत्तरं आधी हवीत.

थारची गोष्ट तर याचाच कळस आहे. हिमालयात हे जनावर घटत चाललंय म्हणून काळजी, आणि हजारो मैलांवर त्याच जनावरामागे हेलिकॉप्टर. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका भेटीचा हिशेब तिथले लोक अजून चुकता करताहेत.

९. हेलिकॉप्टरच्या आधी करायच्या गोष्टी

रोही शेतात का येतात? माळरानं नांगरली गेली, गायरानांवर अतिक्रमणं झाली, हरणाच्या पाडसांवर नजर ठेवणारा लांडगा दिसेनासा झाला. हे एका मोहिमेनं परत येत नाही. शाजापुरातून ९१३ प्राणी गेले, पण ज्या कारणानं ते वाढले ते कारण तिथेच राहिलं असेल, तर काही वर्षांनी पुन्हा बोमा उभारावा लागेल.

तोवर काय? आमच्याकडे जुन्या साड्यांची कुंपणं दिसतात. कडेनं खांब, त्यावर लाल, हिरव्या, जरीच्या साड्या बांधलेल्या. वाऱ्यानं फडफडल्या की हरणं बिचकतात. थोडे दिवस उपयोग होतो, मग जनावर सरावतं. सौरऊर्जेचं झटका कुंपण चांगलं चालतं, पण एकट्यानं केलं तर जनावर शेजाऱ्याकडे जातं. म्हणून ते बांधाला बांध जोडून, सात-आठ खातेदारांनी मिळून करावं. विजेचा थेट करंट तारेत सोडणं मात्र कुणीही करू नये. त्यात माणसं मेली आहेत. रोही एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो, ढीग साचतो. ते ढीग शोधले की त्याची ये-जा कळते आणि कुंपण कुठून सुरू करायचं तेही. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा, फोटो काढावेत, पंचनाम्याला स्वतः उभं राहावं. ‘देऊन काय उपयोग’ म्हणून अर्ज न देणाऱ्यांमुळेच कागदावर आमच्या तालुक्यात रोही कमी दिसतात, आणि कागदावर नसलेल्या त्रासासाठी कोणी हेलिकॉप्टर पाठवत नाही.

जागलीचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून तोही मांडते. हिवाळ्यात हरभरा घाट्यावर आला की घरटी एक माणूस रात्री माळ्यावर बसतो. त्याची झोप, विंचूकाट्याची भीती, दुसऱ्या दिवशीचं बुडालेलं काम, त्याच्या बायकोनं घरात एकटीनं काढलेली रात्र. पिकाच्या भरपाईत यातलं काहीच येत नाही. शहरातला माणूस जनावराची बाजू घेतो तेव्हा मला वाईट वाटत नाही. फक्त या रात्रीची किंमत त्यानंही थोडी उचलावी, एवढी अपेक्षा आहे.

ग्रामसभेत उद्या हेलिकॉप्टरचा ठराव आला तर मी हात वर करीन, पण अटी घालून. जनावर जिवंत पकडायचं असेल तर, तूर निघाल्यावर आणि ऊन चढायच्या आत. विहिरी-तळ्यांचा नकाशा झाल्यावर. सोबत पशुवैद्यक असेल तर. आणि जिथे सोडायचं तिथल्या ग्रामपंचायतीचं लेखी उत्तर आल्यावर. सोबत गायरान सोडवायचा ठरावही त्याच सभेत व्हायला हवा. यातली एकही अट राहिली तर माझा हात खालीच राहील, मग घोषणा करायला हेलिकॉप्टरनं कोणीही उतरो.